बंदूक सगळ्यात शेवटी: ब्रिटनच्या खेड्यात सशामागे जाणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर वर्षातून दोन-तीनदा हा प्रश्न येतोच. कुणी नवीन डॉक्टर नाहीतर आयटीवाला लंडन-बर्मिंगहॅम सोडून गावाकडे राहायला येतो, संध्याकाळी खिडकीतून शेतात पंधरा-वीस ससे चरताना बघतो, आणि विचारतो, "दादा, एअर रायफल घ्यायचीय. कुठली घेऊ?"

मी उलटा प्रश्न टाकतो, "मारणार कुठे?"

मग तिकडे शांतता. रायफल दुकानात पैसे देऊन मिळते. ती चालवायला जमीन लागते, आणि इथे जमिनीचा प्रत्येक वीतभर तुकडा कुणाचा तरी असतो. इथले शिकारी तर 'परमिशन' हा शब्द जमिनीलाच वापरतात. "ब्रँडनजवळ माझी एक परमिशन आहे," असं म्हणतात, जसं आपण "कोरेगावला आपलं दोन एकर आहे" म्हणू. ही परमिशन कशी मिळवायची आणि मिळाल्यावर काय करायचं, एवढंच या लेखात आहे. मी नॉरफॉक-सफॉकच्या हद्दीवर, थेटफर्डच्या आसपासच्या ब्रेकलँडमध्ये राहतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच. आणि कायद्याचं जे सांगतोय ते इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअर रायफलीलाही लायसन्स लागतं आणि उत्तर आयर्लंडचे नियमही वेगळे आहेत. तिकडच्यांनी तिकडचं बघावं.

आधी पायी फिरा

पहिले दोन-तीन महिने नुसतं चाला. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, नारिंगी कव्हरचा, १:२५,००० चा. त्यात हिरव्या तुटक रेषा दिसतात, त्या सार्वजनिक वाटा. जागेवर खांबाला पिवळा बाण असेल तर पायवाट, निळा असेल तर घोडे-सायकलींनाही मुभा. वाट एखाद्याच्या उभ्या गव्हातून गेली असेल तरी चालायचा हक्क तुमचा आहे, पण वाटेचाच. दहा पावलं बाजूला गेलात की परक्याच्या रानात.

फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. आपल्याला वाटतं, उघडं दिसलं की लावून घ्यावं, भलं होईल. पण मेंढ्यांना पलीकडच्या हौदावर जाता यावं म्हणून कुणीतरी ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपल्याकडच्या गायींसारख्या त्या गरीब नसतात. आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा. थेटफर्डच्या जंगलात गोचीड भरपूर, आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो.

चालता चालता सशांची बिळं कुठे आहेत ते कळत जातं. ब्रेकलँडची जमीन म्हणजे निव्वळ वाळू. १६६८ साली इथे वाळूचं असं वादळ झालं की सॅन्टन डाउनहॅम नावाचं गाव अर्धं गाडलं गेलं. अशा जमिनीत पीक कमी, पण बीळ खणायला ससा खूश. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकात ससे मांसासाठी आणि कातड्यासाठी इथे पाळायला आणले. थेटफर्डच्या मठाच्या महंतानं १४०० च्या सुमारास सशांच्या राखणदारासाठी दगडी गढी बांधली, ती थेटफर्ड वॉरन लॉज अजून उभी आहे, जाऊन बघा. सशाची राखण करायला जाडजूड भिंतींची गढी! कारण चोर हत्यारं घेऊन यायचे. पुढे १८२८ च्या कायद्यानुसार रात्री चोरून ससे मारताना तिसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपार. तो कायदा सुधारून-बदलून आजही पुस्तकात आहे. म्हणून म्हणतो, आधी परवानगी.

पुढे ससा एवढा माजला की तो पिकाचा शत्रू ठरला. १९५३ साली केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि काही वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टनं सशांचा बंदोबस्त करणं ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारी केली. तुमच्या परमिशनचा पाया तो कायदा आहे. शेतकऱ्याला ससे नको असतात, पण बसून मारायला वेळ नसतो.

एक गंमत सांगायची राहिली. गेल्या काही दशकांत दुसऱ्या एका रोगानं ससे पुन्हा बरेच कमी झाले, आणि ब्रेकलँडमध्ये काही जागी आता ससे वाढावेत म्हणून प्रयत्न चालतात, कारण सशांनी कुरतडून आखूड केलेल्या गवतावरच इथले दुर्मीळ पक्षी आणि फुलं जगतात. तेव्हा राखीव माळावर ससे दिसले तर नुसतं बघायचं.

हाकारे व्हा

ऑक्टोबर उजाडला की गावात फेजंट या पक्ष्याच्या शिकारीचे दिवस सुरू होतात, १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. हजारो पौंड मोजून आलेले लोक बंदुका घेऊन रांगेत उभे राहतात, आणि पक्षी उठवायला लागतात हाकारे. आपल्याकडे संस्थानिकांच्या शिकारीत असायचे तेच. हातात काठी किंवा झेंडा, एका ओळीत झाडी ठोकत चालायचं, ओळ मोडायची नाही, मुकादम शिट्टी वाजवेल तिथे थांबायचं. दिवसाअखेर थोडे रोख पैसे आणि बहुधा फेजंटची एक जोडी मिळते.

पैशासाठी जाऊ नका, ओळखीसाठी जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून जी दहा-बारा माणसं थर्मासातला चहा पितात, त्यांत गावातला प्रत्येक शेतकरी, त्याचा मेव्हणा, गेमकीपर म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांचा राखणदार आणि पबवाला असतो. मी दोन हिवाळे हाकारा घातला. पहिल्या दिवशी माझे पांढरे स्पोर्ट्स शूज बघून सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात एकानं स्वतःचे जुने वेलिंग्टन बूट आणून दिले.

आणि इथे आपण परके आहोत असं वाटलं तर एल्व्हडेनला जाऊन या. शिखांचा शेवटचा महाराजा दलीपसिंग, लहानपणी पंजाबची गादी गेलेला, त्यानं १८६३ साली ही जहागीर घेतली आणि तित्तिरांच्या शिकारीत अख्ख्या इंग्लंडात नाव काढलं. १८९३ साली तो वारला, कबर एल्व्हडेनच्याच चर्चबाहेर आहे, आणि थेटफर्डला नदीतल्या बेटावर घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा. त्याचं आयुष्य सुखाचं गेलं असं नाही म्हणता येणार. पण आमच्या हाकाऱ्यांच्या ट्रॉलीत त्याचं नाव अजून निघतं, तेही नेमबाज म्हणून.

क्ले मैदानावर एक तास

बंदूक कधीच हातात धरली नसेल तर जवळच्या क्ले मैदानावर शिकवणीचा एक तास घ्या. मान्यताप्राप्त मैदानावर तुमच्याकडे सर्टिफिकेट नसलं तरी चालतं. मातीच्या रंगीत थाळ्या यंत्रातून हवेत सुटतात. थाळी सोडायला "पुल!" असं ओरडायचं, मराठी माणसाला तिथे हसू फुटतं, का ते सांगायला नको.

स्वतःची शॉटगन हवी असेल तर पोलिसांकडून सर्टिफिकेट, पाच वर्षांचं. नव्या अर्जाची फी फेब्रुवारी २०२५ पासून १९४ पौंड झाली. जीपीकडून म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून तब्येतीची माहिती जाते, घरी अधिकारी येऊन भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट बघतो, आणि तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणाऱ्यांची शिफारस लागते. नवख्याचं घोडं इथेच अडतं. म्हणून सशासाठी सुरुवात एअर रायफलीनं करा.

एअर रायफल

इंग्लंड-वेल्समध्ये १२ फूट-पाउंडपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला लायसन्स लागत नाही. वय अठरा पूर्ण हवं. टपालानं येत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याकडे समोरासमोर ताबा घ्यावा लागतो. छऱ्र्याचे मुख्य दोन आकार: .१७७ आणि .२२. पहिल्याचा छर्रा सरळ जातो, दुसऱ्याचा धक्का जास्त. यावर पबमध्ये रात्र-रात्र भांडणं होतात; मी .२२ वापरतो आणि भांडणात पडत नाही. स्प्रिंगची स्वस्त आणि दणकट, पण उडताना हिसका देते, नेम बसायला महिने लागतात. हवेच्या बाटलीची म्हणजे पीसीपी महाग, पण हलत नाही.

लायसन्स लागत नाही म्हणजे नियम नाहीत असं समजू नका. रस्त्यावर, बागेत, सार्वजनिक जागी ती सबळ कारणाशिवाय बाळगणं गुन्हा, रिकामी असली तरी. गाडीतून नेताना छर्रा काढलेली, पिशवीत बंद, डिकीत. परमिशनमधून सार्वजनिक पाऊलवाट जात असेल तर ती ओलांडताना रायफल रिकामी आणि झाकलेली. तुमचा छर्रा हद्दीपलीकडे गेला तर तोही गुन्हा, तिकडे नुसतं गवत असलं तरी. घरी पोरांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली होती, "अरे, पोलिसात सांगून ठेवलंयस ना?" सांगावं लागत नाही, पण पुष्कळ जण रानात जाण्याआधी १०१ वर कळवून ठेवतात. कुणी बंदूकवाला दिसला म्हणून फोन केला तर घोटाळा होत नाही.

आणि मग नेम. तीस यार्डांवर लागोपाठ पाच छर्रे दोन पौंडाच्या नाण्यात बसत नाहीत तोवर सशावर रायफल धरायची नाही. एअर रायफलीनं ससा मरतो तो फक्त डोक्यात लागला तर, डोळा आणि कान यांच्या मधोमध. पोटात लागलेला ससा बिळात जाऊन तासन्‌तास तडफडतो. हे जमणार नसेल तर कागदावरच नेम धरत राहा, त्यातही मजा आहे.

परमिशन मागायची ती अशी

माझी पहिली फजिती ऐका. ऑगस्टचा रविवार, भर दुपार, मी नवी कोरी कॅमोफ्लाज पँट घालून एका शेतकऱ्याच्या दारात उभा. त्याचं कंबाइन बिघडलेलं, आभाळ भरून आलेलं. त्यानं मला खालून वर बघितलं आणि म्हणाला, "नाही." दार बंद.

सुगीत जाऊ नका. मेंढ्या व्यायच्या दिवसांतही नको. जानेवारीच्या अखेरीस जा, जेव्हा गव्हाच्या कोवळ्या पातीवर ससे ताव मारत असतात आणि बिळांच्या जवळची पट्टी बोडकी झालेली दिसते. कपडे साधे, बूट स्वच्छ. बंदूक घरी. पहिली दोन वाक्यं हवामानावर. मग सांगा: मी अमुक घरात राहतो, हे काम करतो, तुमच्या वरच्या कुरणाच्या कडेला सशांनी बरंच खाल्लंय, मी संध्याकाळी येऊन काही कमी करून देऊ शकतो. एका कागदावर नाव, पत्ता, फोन आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा, तो हातात द्या. विम्याचं कार्ड दाखवा. १९०८ साली पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांची संघटना म्हणून सुरू झालेल्या बॅस्क या संस्थेचं सभासदत्व घेतलं की एक कोटी पौंडांचा दायित्व विमा त्यातच येतो, आणि शेतकऱ्याला तेवढं ऐकलं की बरं वाटतं. "नाही" म्हणाला तर हसून आभार माना. दोन वर्षांनी तोच बोलावतो.

मोठ्या शेताऐवजी लहान जागांवर जास्त लवकर होकार मिळतो. घोड्यांचे तबेले बघा: बिळात पाय अडकून घोड्याचा पाय मोडतो, त्यामुळे मालकीण सशांवर दात खाऊन असते. क्रिकेटचं मैदान, गोल्फ क्लब, भाजीचे मळे यांचंही तसंच.

होकार मिळाला की लेखी घ्या. १८८० च्या ग्राउंड गेम ॲक्टनं जमीन कसणाऱ्याला ससे मारायचा हक्क दिला, मालक कुणीही असो. आपल्या कुळकायद्यासारखं काहीसं. पण पक्ष्यांचा हक्क मालकानं तिसऱ्यालाच भाड्यानं दिलेला असू शकतो. त्यामुळे कागदावर हद्द, काय मारायचं त्याची नावं आणि सही. होल्यांसारखी रानकबुतरं मारायची असतील तर त्यासाठी सरकारचं जनरल लायसन्स असतं, त्याच्या अटी आधी वाचा. मित्राला सोबत न्यायचं नाही, विचारल्याशिवाय कधीच नाही.

संध्याकाळ

जूनमध्ये आमच्याकडे सव्वानऊला सूर्य मावळतो. साडेसातला जाऊन बसा. वारा तोंडावर हवा, पाठीला झुडूप, आणि सशांच्या मागे मातीचा चढ किंवा बांध. टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभ्या सशावर कधीही नाही. छर्रा चुकला तर कुठे जाईल सांगता येत नाही.

पहिली वीस मिनिटं काही होत नाही. मग बिळाच्या तोंडाशी दोन कान. ससा बाहेर येऊन बसतो, तोंड धुतो, दोन उड्या, पुन्हा थांबतो. तुम्ही हललात तर मागच्या पायानं जमिनीवर धप्‌ करतो आणि सगळं कुरण रिकामं. तो डोकं खाली घालून चरायला लागला की रायफल हळूहळू खांद्याला. मग डोकं वर करेल तेव्हा, श्वास अर्धा सोडून, खटका. लागला तर जागेवर पडतो, पाय थोडे झाडतो, संपतं. शंका असेल तर लगेच दुसरा छर्रा. उठून धावू नका. पडलेला तसाच राहू द्या, दहा मिनिटांत बाकीचे परत येतात.

डोळे सुजून चिकटलेला, जवळ गेलं तरी न पळणारा ससा दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा. त्याला सोडवणं हे दयेचं काम, पण तो खायचा नाही.

फेरेट

हिवाळ्यात पानं गळाली की काहीजण बंदूक बाजूला ठेवून फेरेट काढतात. मुंगसाच्या अंगकाठीचा, पाळीव, भयंकर वासाचा प्राणी. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल. बिळाच्या प्रत्येक तोंडावर पर्स नेट नावाची पिशवीसारखी जाळी खुंटीनं अडकवायची, पाय न आपटता, कारण आत सगळं ऐकू जातं. मग गळ्यात ट्रान्समीटर बांधलेली जिल आत सोडायची. शांतता. जमिनीखालून धडधड येते, आणि ससा जाळीत असा आदळतो की दोरी आपोआप आवळते. लगेच पकडून मान मोडायची, हे पहिल्यांदा जाणत्याकडून शिकून घ्या. जिल आतच ससा धरून बसली तर यंत्रानं जागा शोधून फावड्यानं खणत बसायचं, थंडीत, गुडघाभर. माझ्या बायकोनं एकदा हे पाहिलं आणि म्हणाली, "यापेक्षा टेस्कोत चिकन स्वस्त आहे." आहेच.

बंदूक नकोच असेल तर

तरी रानात पुष्कळ आहे. एप्रिलमध्ये ओढ्याकाठी रानलसूण, जूनच्या सुरुवातीला एल्डरची फुलं, सप्टेंबरात कुंपणावर ब्लॅकबेरी. रानातली फळं, पानं, फुलं, अळंबी विकायला नव्हे तर घरी खायला तोडली तर १९६८ च्या थेफ्ट ॲक्टप्रमाणे ती चोरी होत नाही. झाड मुळासकट उपटणं मात्र परवानगीशिवाय बेकायदा. रानलसणीत लिली ऑफ द व्हॅलीची विषारी पानं मिसळून येतात, तेव्हा प्रत्येक पान चुरगळून वास घ्या. अळंबीच्या वाटेला एकट्यानं जाऊच नका. मासेमारीला गोड्या पाण्यात तेराव्या वर्षापासून रॉड लायसन्स लागतं, आणि नद्यांवर ट्राउट-सामन सोडून बाकी माशांसाठी १५ मार्च ते १५ जून बंदी.

साफ करणं आणि रस्सा

ससा हाती आला की आधी मूत्राशय रिकामं करा: मान वर धरून पोटावरून अंगठा खाली दाबत न्या, एका धारेत निघून जातं. मग लगेच पोट. छातीच्या हाडाखाली कातडी चिमटीत उचलून चाकूचं टोक घाला, आतडं फुटू देऊ नका. आतडी बाहेर ओढून शेताच्या कडेला पुरा. काळीज म्हणजे लिव्हर बघा: एकसारखं गडद लाल असेल तर ठीक, पांढरे ठिपके असतील तर अख्खा ससा टाकून द्या. पित्ताची पिशवी अलगद काढा. घोट्यापाशी एका पायाच्या शिरेमागे चीर देऊन दुसरा पाय त्यातून ओवला की काठीला अडकवून न्यायला सोपं. सोलणं घरी: लहान पोराचा ओला स्वेटर काढतात तसं कातडं मागून पुढे ओढायचं.

कोवळा ससा ओळखायचा तर कान फाडून बघा, सहज फाटला तर कोवळा. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. अंगावर चरबी नसते, म्हणून पाठीचा तुकडा चटकन वाळतो. तो वेगळा काढा आणि तव्यावर पाच मिनिटं परता. पाय मात्र तव्यावर नकोत. इंग्रज ते सायडर आणि मोहरीच्या सॉसमध्ये शिजवतात, छान लागतात. मी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसूण आणि आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला घालून मंद आचेवर दीड-दोन तास ठेवतो, हाडापासून मांस सुटेपर्यंत. हे इथे चालतं. भारतात १९७२ च्या कायद्यानं रानसशाला हात लावता येत नाही, तेव्हा सुट्टीवर गेल्यावर गावच्या पोरांना फोटो दाखवून भरीस घालू नका.

पहिल्या रश्शाचा डबा मी परमिशनवाल्या म्हाताऱ्याला दिला होता, दही वेगळं देऊन. चार दिवसांनी डबा रिकामा, धुतलेला, दाराशी. आत सहा अंडी आणि चिठ्ठी: दही पुरलं नाही, आणि ओढ्यापलीकडच्या शेतातही ससे झालेत. जेवताना मात्र सांभाळून चावा. शॉटगननं मारलेल्या सशात छर्रा हमखास राहतो, आणि इथे दाताचा डॉक्टर मिळवणं परमिशन मिळवण्यापेक्षा अवघड आहे.